घरातला खोकला

क्षयरोगाच्या कार्यक्रमात माझी सगळी नोकरी गेली. थुंकीच्या डब्या, एक्स-रे, गोळ्यांच्या पेट्या आणि अर्ध्यात औषध सोडून गेलेल्या रुग्णांचा शोध, हेच काम. त्यामुळे २०१४ साली कल्याणची चार मुलं यात्रेकरूंबरोबर इराकला गेली आणि तिथून आयसिसला जाऊन मिळाली, ही बातमी वाचली तेव्हा ती मला माझ्याच विषयातली वाटली. शिकलेली मुलं, बऱ्या घरातली. लागण कुठे झाली, कोणाकडून झाली, घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही? त्याच्या आदल्या वर्षी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. आमच्याच पेशातला माणूस, समोरच्याशी शांतपणे बोलणारा, सकाळी फिरायला निघालेला असताना पुलावर गोळ्या घालून मारला गेला. या दोन गोष्टी डोक्यात घेऊन मी एक व्याख्यान तयार केलं. नाव ठेवलं ‘अतिरेकी विचार : एक साथ’.

मांडणी सोपी होती. द्वेषाचा विचार हा जंतू. तो पसरवणारा माणूस हा वाहक. त्याला वेळीच वेगळा काढायचा, आणि बाकीच्यांना माहितीची लस टोचायची. स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे क्षयाचे लालसर जंतू आणि शेजारी तोंड झाकलेल्या बंदूकधाऱ्याचं चित्र. लोकांना हे आवडायचं. कॉलेजांनी बोलावलं, पोलिसांच्या एका शिबिरात बोलावलं, स्थानिक पेपरात फोटो आला. त्या व्याख्यानातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा होता. क्षयरोगाच्या बाबतीत मी स्वतः जे कधी बोललो नसतो, ते तिथे ठामपणे बोलत होतो.

पहिली चूक मला एका उर्दू शाळेतल्या शिक्षकांनी दाखवली होती, पण मला ती तेव्हा दिसली नाही. व्याख्यान संपल्यावर त्यांनी ऑफिसात बसवून चहा दिला आणि विचारलं, “डॉक्टरसाहेब, हे लेक्चर तुम्ही दुसऱ्या शाळांतपण देता का?” मी म्हणालो, बोलावलं तर जरूर देईन. ते म्हणाले, “नाही, आमच्याकडे तर तुम्ही स्वतःहून आलात.” मी हसलो, चहा संपवला आणि निघालो. वाटलं, चला, कार्यक्रम चांगला झाला.

खरोखरच त्या शाळेला मीच फोन केला होता. शहरातल्या तिन्ही उर्दू शाळांना मी स्वतःहून फोन केले होते. बाकीच्या शाळांना एकही नाही.

क्षयरोगात आम्ही हेच नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचो. जिथे शोधाल तिथेच रुग्ण सापडतात. तुम्ही फक्त झोपडपट्टीत थुंकी तपासली तर अहवालात क्षय हा झोपडपट्टीचा रोग होतो. बंगल्यातले रुग्ण खासगी डॉक्टरकडे गुपचूप औषध घेत राहतात, गोळ्या आणायला शेजारच्या तालुक्यात जातात, आणि नोंद कुठेच होत नाही. तपासणाऱ्याच्या मनात आधीच रुग्ण ठरलेला असला की निदानही तसंच होतं. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटांत पकडलेले मुस्लिम तरुण पाच वर्षं तुरुंगात राहून जामिनावर सुटले आणि २०१६ साली कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. चुकीच्या निदानात ज्याला नको ते औषध दिलं जातं तो तर भरडला जातोच, आणि खरा रोग मोकळा फिरत राहतो. दाभोलकरांच्या खुनाबद्दल १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने ज्या दोघांना जन्मठेप सुनावली, ते आमच्या मराठवाड्यातले साध्या घरांतले तरुण. माझ्या व्याख्यानाच्या काळात अशा कोणत्या तरुणाच्या दारात मी गेलो असतो? गेलोच नसतो. ती घरं मला माझी वाटत होती.

आता सिस्टरांच्या मुलाबद्दल लिहितो. गावाचं नाव टाळतो, त्याचं कारण पुढे कळेल.

आमच्या युनिटला एक सिस्टर होत्या. कामाला वाघीण. औषध चुकवणाऱ्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर त्याला गोळी गिळायला लावणारी बाई. नवरा मोंढ्यात मुनीम, एकच मुलगा. पॉलिटेक्निकला होता, दुसऱ्या वर्षाला विषय राहिले आणि तो घरीच बसला. आमची क्वार्टर्स शेजारी होती, त्यामुळे मला ‘डॉक्टरकाका’ म्हणायचा. एके दिवशी सिस्टर दुपारी केबिनमध्ये आल्या आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “सर, पोरगं बदललंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल. जेवताना बापाशी भांडतो. परवा म्हणाला, चाचांच्या बेकरीतून पाव आणायचा नाही, आणलात तर मी जेवणार नाही.”

मी विचारलं, दारू वगैरे? “नाही सर. उलट सगळं सोडलंय. पहाटे उठतो, व्यायाम करतो, कपाळाला टिळा लावतो. कुठल्याशा संघटनेत जातो.” मी म्हणालो, “मग चांगलंच आहे की सिस्टर. वय आहे, रक्त गरम आहे. धर्माचं करतोय, व्यसन तर करत नाही ना? होईल शांत.”

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा आमचा नियम. खोकल्याचं औषध देऊन रुग्णाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरांवर मी मीटिंगमध्ये चिडायचो. तोच मी एका आईला खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं. आणि कारण उघड आहे. हीच वाक्यं एखाद्या उर्दू शाळेतल्या मुलाची आई बोलली असती, की पोरगा पहाटे उठतो, कपडे बदललेत, शेजाऱ्याकडचं खात नाही, रात्रभर मोबाइल बघतो, तर मी त्याच दिवशी धावाधाव केली असती.

काही महिन्यांनी त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. बहुधा चुकून नसावा. काकांना पटेल असं त्याला वाटलं असावं. चाळीसेक सेकंदांचा. गर्दीत एका म्हाताऱ्या माणसाला मारत होते आणि मागून गाणं लावलं होतं. माणसाच्या हातातली कापडी पिशवी फाटून त्यातले कांदे रस्त्यावर घरंगळत होते, आणि मारणाऱ्यांपैकी एकजण ते पायाने बाजूला सारत होता. मला मारापेक्षा ते गाणं सहन झालं नाही. कोणीतरी बसून, निवांतपणे, मारहाणीला ताल जुळवला होता.

तेव्हा मी जागा झालो आणि लगेच पुढची चूक केली. सिस्टरांना म्हणालो, मोबाइल काढून घ्या, घराबाहेर सोडू नका, नाहीतर मामाच्या गावाला पाठवून द्या. माझ्या पुतण्याला, जो त्याच्याबरोबर क्रिकेट खेळायचा, बजावलं की त्याच्याशी संबंध ठेवायचा नाही. पुतण्याने ते टीममधल्या इतरांना सांगितलं. आठवड्याभरात त्याला खेळायला बोलावणं बंद झालं. माझ्या स्लाइडवर होतं तसंच मी केलं: वाहक वेगळा काढला.

हे करताना मी माझ्याच विषयाचा इतिहास विसरलो. एके काळी क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे, घरच्यांपासून दूर. १९५० च्या दशकात मद्रासच्या क्षयरोग केंद्रात एक अभ्यास झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, चांगला आहार आणि विश्रांती दिली. काही रुग्णांना त्यांच्याच दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरात ठेवून फक्त औषध दिलं. १९५९ साली निष्कर्ष आले: घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे लागणीचा धोका काही वाढला नाही. जे व्हायचं ते बहुतेक निदान होण्याआधीच झालेलं असतं. औषध सुरू झालं की रुग्ण लवकरच निर्धोक होतो. या एका अभ्यासाने जगभरात सॅनेटोरियमचं युग संपत गेलं. मी हा अभ्यास नव्या डॉक्टरांना दरवर्षी शिकवत होतो.

आणि माझ्या शेजारच्या मुलाला मात्र मी घरातच सॅनेटोरियम करून दिलं, तेही औषधाविना. संघटनेबाहेरचे त्याचे दोन-तीन मित्र होते ते मी तोडले. मोबाइल काढून घेतल्यावर ‘दादा’ म्हणवणाऱ्या एकाने त्याला दुसरा मोबाइल आणून दिला. त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं असेल तर तेच लोक उरले.

पुढच्या पावसाळ्यात गावात एका मिरवणुकीवरून बाचाबाची झाली, दगडफेक झाली, आणि संध्याकाळी चाचांची बेकरी पेटवली. चाचा आमच्या कार्यक्रमाचे जुने साथीदार. दुकानदार, पोस्टमन, अंगणवाडीताई अशा माणसांकडे आम्ही रुग्णाच्या गोळ्यांची पेटी ठेवायचो, म्हणजे रुग्णाने त्यांच्यासमोर येऊन गोळी घ्यायची. चाचांनी कित्येक वर्षं हे केलं. रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून ते रुग्णाला आधी एक नानकटाई द्यायचे आणि वहीत टिकमार्क करायचे. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा भट्टीच्या बाजूची भिंत पडलेली होती आणि लोखंडी कपाट आगीने वाकलं होतं. चाचांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज होतं. शटर वर करताना भाजलं होतं.

सीसीटीव्हीत सिस्टरांचा मुलगा दिसत होता. हातात बाटली होती. पोलिसांनी दोन दिवसांत उचलला.

त्या काळात मी पुन्हा १८९७ च्या पुण्याबद्दल वाचायला घेतलं. प्लेग शाळेतल्या इतिहासात वाचला होता, पण आता डॉक्टर म्हणून वाचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले, माणसं छावण्यांत नेऊ लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतंसुद्धा लपवू लागले. त्याआधीच्या ऑक्टोबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी बोलवा होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला आणि लेफ्टनंट आयर्स्ट या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. चापेकरांच्या मनातला राग प्लेगच्या आधीपासूनचा होता, आणि त्यांचं इतिहासातलं स्थान काय हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला डॉक्टर म्हणून जे दिसलं ते इतकंच, की रोग आवरण्याच्या पद्धतीनेच गावात दुसरी आग पेटवली.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतने हडपसरजवळ उभारलेल्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. पोर वाचलं, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शिपायांच्या झडत्या सुरू झाल्या त्या याच आठवड्यात. सावित्रीबाई रुग्णाला हात लावत होत्या, झडतीवाले त्याला रोग समजून उचलत होते. माझं व्याख्यान यात कोणाच्या बाजूचं होतं हे मला फार उशिरा कळलं. माणसाला जंतू म्हणायची भाषा मी सहज वापरली, आणि हीच भाषा नाझींनी ज्यूंबद्दल वापरली होती, १९९४ साली रवांडाच्या रेडिओवर तुत्सींना झुरळं म्हणत होते. द्वेषाला विरोध करायला उभा राहून मी द्वेषाचीच भाषा बोलत होतो.

मुलगा सात-आठ महिन्यांनी जामिनावर सुटला. मी भेटायला गेलो तेव्हा तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी वाद घातला नाही. घालायची हिंमतही नव्हती. नुसता बसायचो, चहा घ्यायचो, यायचो. खूप दिवसांनी एकदा त्याने आपणहून सांगितलं की तो त्यांच्यात कसा गेला. मी धरून चाललो होतो की आधी व्हिडिओ आले, मग डोकं फिरलं. तसं झालंच नव्हतं. “विषय राहिले तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, काका. तिकडं रक्तदान शिबिर होतं. दादाने मला रजिस्टर दिलं, म्हणाला, तू लिही, तुझं अक्षर चांगलंय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नावानिशी हाक मारली.” व्हिडिओ त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाले. तोवर त्या व्हिडिओंना खोटं म्हणणं म्हणजे दादाला खोटं म्हणणं झालं होतं.

क्षयाचा जंतू अंगात शिरला म्हणून माणसाला क्षय होतोच असं नाही. लागण झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. कोणाला होतो? ज्याचं पोट भरत नाही, ज्याला मधुमेह किंवा एचआयव्ही आहे, ज्याची ताकद आधीच खचलेली आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत अलीकडे एक मोठा अभ्यास झाला. रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ, पौष्टिक आहार दिला, आणि त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी नोकरीत नव्हतो, पण रात्रभर झोप लागली नाही. आमच्या शहरात द्वेषाचे व्हिडिओ हजारो मोबाइलमध्ये येतात. बाटली हातात घेणारे थोडे. मी मात्र सगळा जोर जंतू मारण्यावर दिला. दहावी-बारावी नापास होऊन घरी बसलेल्या, मोंढ्यात दिवसभर हमालीची वाट बघणाऱ्या, घरात कोणी नावाने हाक न मारणाऱ्या मुलांची ताकद कशाने वाढेल, हे माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

अमेरिकेत गॅरी स्लटकिन नावाचे डॉक्टर आहेत. त्यांनी सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोगाचं काम केलं, मग सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत, आणि पुढे शिकागोत गोळीबार थांबवण्याची मोहीम काढली. त्यांची सगळी भिस्त त्याच वस्तीतल्या माणसांवर. जो पूर्वी टोळीत होता तोच आज पेटलेल्या पोराच्या दारात जाऊन बसतो. आपल्याकडेही महाराष्ट्र एटीएसने काही तरुणांना घरच्यांना बरोबर घेऊन परत आणलं आहे. हे मी माझ्या चुकीनंतर वाचलं.

आता जे लिहितो ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. मुलाला मी ‘पेशंट’ म्हणू लागलो होतो. बोलताना सारखा तोच शब्द. एकदा चाचांकडे बसलो असताना म्हणालो, तोही एका अर्थी आजारीच होता. चाचांनी हातावरची ओढलेली, चकचकीत कातडी पुढे केली आणि म्हणाले, “डॉक्टरसाब, तो पेशंट. ठीक आहे. मग मी कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्षय झालेल्या माणसाने काही गुन्हा केलेला नसतो. या मुलाने केला होता. खोकणारा माणूस ठरवून खोकत नाही. त्या व्हिडिओला गाणं लावणाऱ्याने ठरवून लावलं होतं, दादाने ठरवून दुसरा मोबाइल दिला होता, आणि बाटली पेटवायच्या आधी या मुलाच्या हातात एक क्षण होता. रोगाची तुलना लावली की हा क्षण दिसेनासा होतो. मी मुलाला हे सांगितलं. म्हणालो, मी तुला आजारी म्हणत होतो, ते अर्धंच खरं आहे. चाचांचं देणं तुझ्यावर आहे. तो खूप वेळ गप्प होता. केस अजून चालू आहे, त्यामुळे काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. चाचांनी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यांनी करावं असं मी त्यांना कधी सुचवणारही नाही.

तुलनेचा दुसरा धोका त्याहून मोठा. शाळेत आता बोलायला जातो तेव्हा मुलं विचारतात, सर, सरकारवर चिडणं हाही रोग का? नाही. भाव मिळत नाही म्हणून रस्ता अडवणारा शेतकरी, आरक्षणासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा मुलगा, पाण्यासाठी तहसीलवर हंडे वाजवणाऱ्या बाया, यांच्यात कोणताही आजार नाही. राग हा रोग नव्हे. समोरचा माणूस माणूस नाही, त्याला मारलं तर चालतं, ही परवानगी जिथे मनात येते, तिथे मला कान टवकारावे लागतात. तपासायचं ते एवढंच, आणि ते सगळ्या गल्ल्यांत. त्या उर्दू शाळेत मी पुन्हा गेलो होतो. ते शिक्षक निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापिकांना मी सांगितलं की पूर्वी इथे येऊन मी काय केलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आता शेजारच्या मराठी शाळेबरोबर एकत्र कार्यक्रम करू म्हणाल्या.

क्षयाचं औषध संपल्यावरही आम्ही रुग्णाला दोन वर्षं अधूनमधून बोलावतो, कारण रोग उलटू शकतो. सिस्टरांचा मुलगा आता एका मोटार गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या महिन्यात त्याला पुन्हा एका नव्या ग्रुपमध्ये कोणीतरी घातलं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, “काका, बाहेर पडू का?” पूर्वीचा मी लगेच पड म्हणालो असतो. मी विचारलं, त्यात ओळखीचं कोण कोण आहे? त्याने बसून यादी केली. दोन मुलं अकरावीतली निघाली. एकाचे वडील आमच्या युनिटला ड्रायव्हर होते. दुसऱ्याला हा गॅरेजमुळे ओळखतो. तो टायर धुवायला येतो, घरी आजी एकटीच आहे. ड्रायव्हरच्या घरी मी रविवारी जाणार आहे. दुसऱ्याकडे हा स्वतः जातो म्हणाला.